आधी पूल, मग शहर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे मी हैदराबादच्या मराठी शाळेत तीन वर्षे इतिहास शिकलो. सनावळ्या पाठ करून घेणारे शिक्षक तेव्हा पुष्कळ होते. गुरुजी मात्र सनावळी पायांनी शिकवत. एका रविवारी त्यांनी आम्हा पंधरा-सोळा मुलांना पुराना पुलावर नेले. कठड्याला टेकून उभे केले आणि विचारले, "बाळांनो, शहर आधी की पूल आधी?" आम्ही एका सुरात ओरडलो, "शहर!" यात विचारायचे काय, असेच आम्हाला वाटले. माणसे राहायला येतात, वस्ती वाढते, नदी आडवी येते, मग पूल बांधतात. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी एका मुलाच्या वहीवर दोन आकडे लिहिले आणि ती वही सगळ्यांत फिरवली. वर १५७८, खाली १५९१. वरचा आकडा पुलाचा आणि खालचा हैदराबादचा.

त्या दोन आकड्यांमधल्या तेरा वर्षांबद्दल मला आज बोलायचे आहे. तेरा वर्षे मुसी नदीवर एक भक्कम दगडी पूल उभा होता आणि ज्या शहराचा म्हणून आपण तो ओळखतो, ते शहर अजून जन्मालाच आलेले नव्हते. चारमिनार नव्हता, मक्का मशीद नव्हती, लाड बाजार नव्हता. या गोष्टीचा अर्थ लावण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत.

आधी नदीविषयी. मुसी अनंतगिरीच्या डोंगरात, विकाराबादजवळ उगम पावते. तिचे जुने नाव मुचकुंदा. कालयवनाला जाळणारा, गुहेत झोपलेला मुचकुंद राजा आपल्या सगळ्यांना कीर्तनातून माहीत आहे. त्याच मुचकुंदाशी ही नदी लोकांनी जोडली. हैदराबादच्या वरच्या अंगाला तिला ईसी मिळते. पुढे वाडपल्लीला मुसी कृष्णेत उतरते. महाबळेश्वरला गोमुखातून पडणारे पाणी आणि पुराना पुलाखालून वाहणारे पाणी शेवटी एकच होते. माझे आजोबा परभणीहून मनमाडच्या मीटर गेज गाडीने हैदराबादला नोकरीला आले, ते जन्मभर गोदावरीसाठी झुरले. त्यांना मी लहानपणी ही कृष्णेची गोष्ट सांगून समजूत घालायचो. त्यांना ती फारशी पटत नसे.

दक्षिणेतल्या बहुतेक नद्यांसारखीच मुसीची चाल. आठ महिने इतके कमी पाणी की गुडघे भिजवून पलीकडे जावे. पावसाळ्यात मात्र एका रात्रीत ती दोन्ही काठ गिळते. अशा नदीवर पूल बांधणाऱ्याला वर्षातले आठ महिने लोक वेड्यात काढतात. बांधणाऱ्याचे डोळे उरलेल्या चार महिन्यांवर असावे लागतात.

हा पूल बांधवला इब्राहिम कुतुबशहाने. १५५० ते १५८० अशी तीस वर्षे त्याने गोवळकोंड्यावर राज्य केले. कुतुबशाहीतला हा सगळ्यांत मोठा राजा, असे माझे मत आहे. त्याच्या मुलाच्या वाट्याला प्रसिद्धी जास्त आली, ती गोष्ट वेगळी. भावाच्या धाकाने इब्राहिमला तरुणपणी राज्य सोडून पळावे लागले आणि सात वर्षे तो विजयनगरात रामरायाच्या आश्रयाला राहिला. तिथे तो तेलुगू शिकला, तेलुगू कवींच्या मैफलीत बसला. पुढे गादीवर आल्यावर त्याने तेलुगू कवींना असा आश्रय दिला की त्यांनी त्याच्या नावाचे तेलुगू रूप करून त्याला 'मल्किभराम' म्हटले. १५६५ साली राक्षसतागडीच्या लढाईत हाच इब्राहिम रामरायाच्या विरुद्ध उभा राहिला. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यावर तलवार उगारण्याचा तो प्रसंग मला कधी सहज वाचता आलेला नाही. त्या लढाईनंतर गोवळकोंड्याकडे पैसा आला, प्रदेश आला, निर्धास्तपणा आला. इब्राहिमने तो पैसा तळी खोदण्यात आणि बांधकामात घातला. हुसेन सागर त्याच्याच काळातला. इब्राहिमपट्टणचे मोठे तळेही त्याचेच. पूल हे त्याच्या आयुष्यातल्या शेवटच्या कामांपैकी एक. पूल झाला आणि दोन वर्षांनी तो गेला.

पण पूल कशासाठी? इथे आपल्यापुढे एक गोष्ट येते आणि ती इतकी गोड आहे की बाजूला सारताना हात जड होतो. तुम्ही ती ऐकलीच असेल. राजपुत्र मुहंमद कुली पलीकडच्या काठावरच्या चिचलम गावच्या भागमतीवर जीव टाकत होता. एका पावसाळी रात्री त्याने फुगलेल्या मुसीत घोडा घातला. मुलगा जीव धोक्यात घालून नदी पार करतो हे बापाला कळले आणि बापाचे काळीज हलले. त्याने मुलाला आवरले नाही, नदीवर पूल बांधून दिला. आजही जुन्या हैदराबादेत काही माणसे पुराना पुलाला 'प्यारना पुल' म्हणतात. शब्दावरचा हा खेळ दख्खनी जिभेला शोभतोच.

आता तारखा बघा. मुहंमद कुलीचा जन्म १५६५च्या सुमाराचा. पूल झाला १५७८ला. म्हणजे हा प्रेमवीर तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. शिवाय पूल एका वर्षात उभा राहत नाही. काम सुरू झाले तेव्हा राजपुत्र त्याहूनही लहान. कुतुबशाहीचे मोठे अभ्यासक हारून खान शेरवानी यांनी तर भागमतीच्या एकूण कथेवरच गंभीर शंका घेतली. दुसऱ्या बाजूला फिरिश्ता आहे. आधी अहमदनगरच्या निजामशाहीत आणि मग विजापुरात राहिलेला हा इतिहासकार मुहंमद कुलीच्याच काळात लिहीत होता. त्याने भागमतीचे आणि तिच्या नावावरून वसलेल्या भागनगरचे नाव घेतले आहे. आपल्या मराठी बखरींतही हैदराबादला 'भागानगर' म्हटले आहे. १६७७ साली शिवाजी महाराज कुतुबशहाच्या भेटीला आले तेही भागानगरासच. तेव्हा भागमती होती की नव्हती, हा वाद मी आज सोडवणार नाही. पण हा पूल तिच्यासाठी बांधला गेला नाही, एवढे मी ठामपणे सांगतो.

या कथेची एक गंमत गुरुजींनी मला दाखवली आणि ती मी त्यांच्या नावे इथे नोंदवतो. कथेतली वये चुकली, कारण चुकले. पण कथेतला क्रम बरोबर आहे. कथेतही आधी पूल येतो, मग पलीकडच्या काठावरचे शहर. लोकांच्या आठवणीने सनावळी गमावली आणि क्रम मात्र धरून ठेवला. लोककथा खोटी म्हणून फेकून देण्याची घाई करणाऱ्या माझ्यासारख्या तरुण अभ्यासकाला तेव्हा हे ऐकून मोठा धक्का बसला होता.

खरे कारण शोधायचे तर नकाशा उघडावा लागतो. गोवळकोंड्याचा किल्ला मुसीच्या उत्तरेला. किल्ल्याबाहेर कारवानची पेठ, तीही उत्तरेलाच. काफिल्यांचा तळ म्हणून कारवान. गोवळकोंड्याच्या राज्यातल्या खाणींतून, कोल्लूरसारख्या ठिकाणाहून निघालेले हिरे इथे विकले जात, पारखले जात, घासले जात. आणि या राज्याचे बंदर होते पूर्वेला, मच्छलीपट्टणला. तिकडून इराणचे घोडे, परदेशी माल, व्यापारी यायचे. इकडून हिरे आणि कापड जायचे. बंदराकडे जाणारी वाट मुसी ओलांडून दक्षिण काठाने पूर्वेकडे निघे. पावसाळ्यात नदी आली की बैलांचे तांडे, उंट, हत्ती काठावर अडकत. एका अडकलेल्या तांड्याची रोजची वैरण किती लागते याचा हिशेब ज्या राजाला कळतो तो पूल बांधतो. इब्राहिमला तो कळत होता.

तर हा पूल नदीच्या दोन काठांवरच्या दोन वस्त्या जोडायला बांधला नव्हता. दक्षिण काठावर जोडायला फारसे काही नव्हतेच. तो एका राजधानीला एका बंदराशी जोडत होता. पण एकदा पूल झाल्यावर दक्षिणेची ती मोकळी सपाट जमीन किल्ल्यापासून पावसाळ्यातही हाकेच्या अंतरावर आली. इकडे गोवळकोंडा माणसांनी गच्च भरलेला. तटाच्या आत श्वास घ्यायला जागा नव्हती. १५८०ला गादीवर आलेल्या मुहंमद कुलीने अकरा वर्षांनी नव्या शहराची आखणी केली, तेव्हा जागा कुठली निवडायची हा प्रश्न बापाने आधीच सोडवून ठेवला होता. मीर मोमीन अस्तराबादीच्या देखरेखीखाली रस्ते आखले गेले, मध्यावर चारमिनार उभा राहिला. चारमिनारवर पुस्तकांमागून पुस्तके निघाली. ज्या दगडी वाटेवरून ते शहर नदीपलीकडे आले, तिच्यावर बोलायला मला आज तुमच्यासमोर उभे राहावे लागले आहे.

पूल कसा आहे ते आता सांगतो. लांबी सुमारे ६०० फूट, रुंदी सुमारे ३५ फूट. कमानी बावीस धरतात, वर टोकदार होत जाणाऱ्या. ६०० फुटांना बावीसने भागले तर एका कमानीच्या आणि एका खांबाच्या वाट्याला मिळून जेमतेम सत्तावीस फूट येतात. म्हणजे कमानींची तोंडे अरुंद आणि खांब जाडजूड. आजच्या अभियंत्याला हे आवडणार नाही. पाण्याला जायला जागा कमी आणि अडथळा जास्त, असे तो म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण दगड आणि चुना यांचे शास्त्र वेगळे आहे. दगड दाबाला कणखर, ताणाला कच्चा. कमान म्हणजे प्रत्येक दगडाला दाबातच ठेवण्याची युक्ती. वरून जितके ओझे येते तितके दगड एकमेकांना घट्ट धरतात, आणि ते ओझे खांबातून खाली उतरून जमिनीत मुरते. लाकडी साचा काढून घेतल्यावर कमान आपल्या पायावर उभी राहते ती याच जोरावर. खांब जाड ठेवला की शेजारची एखादी कमान गेली तरी तो लगेच कोलमडत नाही. आसपासच्या टेकड्यांतला ग्रॅनाइट, बैलाच्या घाण्यात मळलेला चुना आणि स्वतःचे वजन. पुरासमोर उभे राहायला या पुलाकडे एवढेच होते.

सतराव्या शतकाच्या मध्याला एक फ्रेंच जवाहिऱ्या इथे आला, जाँ-बातिस्त ताव्हर्निये. हिरे घ्यायला तो पुन्हा पुन्हा हिंदुस्थानात येत असे आणि गोवळकोंड्यातल्या बाजाराची माहिती त्याच्याइतकी बारकाईने फार थोड्यांनी लिहिली. पारख करण्यात आयुष्य गेलेल्या या माणसाने मुसीवरचा पूल पाहिला आणि लिहिले की पॅरिसच्या पाँ नफ पुलापेक्षा हा सौंदर्यात काही कमी नाही. पाँ नफ म्हणजे 'नवा पूल', आणि आज तोच पॅरिसमधला सगळ्यांत जुना उभा पूल आहे. त्याचे काम कधी सुरू झाले असेल? १५७८ला! ताव्हर्नियेला हे ठाऊक असण्याची शक्यता नाही, पण त्याने ज्या दोन पुलांना एका मापाने मोजले त्यांची गाठ एकाच वर्षाशी पडते. फ्रान्समधल्या धर्मयुद्धांमुळे पाँ नफचे काम रखडले आणि १६०७ला पुरे झाले. तोवर गोवळकोंड्याच्या पुलाला एकोणतीस वर्षे झाली होती आणि त्याच्या पलीकडे एक शहर नांदत होते.

ताव्हर्नियेने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. माझ्या दृष्टीने ती त्या पूल-तुलनेपेक्षा मोलाची. पुलाच्या अलीकडे कोसभर लांब उपनगर आहे. त्यात व्यापारी, दलाल, कारागीर अशी सामान्य माणसे राहतात. त्या उपनगराचे नाव तो औरंगाबाद देतो. आपल्या औरंगाबादशी त्याचा संबंध नाही. पलीकडे शहरात दरबारातली माणसे, अधिकारी, बडे लोक राहतात. सकाळी दहा-अकराला व्यापारी आणि दलाल शहरात येतात, परदेशी व्यापाऱ्यांशी सौदे करतात, आणि दुपारी चार-पाच वाजता आपापल्या घरी झोपायला परत जातात. श्रोतेहो, रोज सकाळी दहाला हा पूल एका दिशेने वाहत होता आणि संध्याकाळी पाचला दुसऱ्या दिशेने. मुंबईत लोकलने चर्चगेटला जाणारा माणूस ज्या तालात जगतो तो ताल पावणेचारशे वर्षांपूर्वी या दगडांवर उमटला होता. शहर बांधल्यावर पूल त्याचा नोकर झाला, असेही म्हणता येईल. मला मात्र वाटते, तो अजून शहराचा यजमानच होता.

१६८७ साली गोवळकोंडा औरंगजेबाच्या हाती पडला. आठ महिने वेढा चालला आणि शेवटी फितुरीने दरवाजा उघडला. शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह आपल्याकडे दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत राहिला आणि खुल्दाबादेत मातीआड झाला. मराठवाड्यातल्या माणसाने दौलताबादच्या चिनी महालाच्या भिंतीजवळ उभे राहून या पुलाची आठवण काढावी. राज्य गेल्यावरही पुलाचे काम थांबले नाही. फक्त आता किल्ला ओस पडत चालला आणि ओझे उलट्या दिशेने वाढले.

पुलाच्या दक्षिण टोकाला एक दरवाजा आहे. तो शहराच्या तटाचा. तटाचे काम सुरू केले मोगल सुभेदार मुबारिज खानाने. १७२४ साली बुलढाण्याजवळ साखरखेर्ड्याच्या लढाईत निजाम-उल-मुल्कने त्याला हरवून मारले. त्या लढाईत बाजीराव पेशवा निजामाच्या बाजूने होता. अर्धवट राहिलेला तट मग निजामानेच पुरा केला. साखरखेर्ड्याच्या शेतात झालेला निकाल असा मुसीकाठच्या दगडांत जाऊन बसला. तटाला तेरा दरवाजे होते. आज त्यांतले दोनच उभे आहेत, एक दबीरपुऱ्याचा आणि एक पुराना पुलाचा.

१८२०ला सिकंदर जाहच्या काळात पुलाची दुरुस्ती झाली. १८३१ला चादरघाटजवळ कर्नल ऑलिफंटच्या देखरेखीखाली दुसरा दगडी पूल आला. मग अफजलगंजचा 'नया पुल', त्यानंतर मुसल्लमजंगचा पूल. नवे पूल झाले तेव्हा इब्राहिमच्या पुलाला 'पुराना' हे नाव चिकटले. वय झालेल्या माणसाला घरात कोपऱ्यातली खाट मिळते तसे त्याचे झाले. वर्दळ खालच्या अंगाच्या पुलांकडे सरकली.

आणि मग आली तुग्यानी.

हा शब्द माझ्या आजीचा. आमच्या घरात मराठी बोलत असले तरी त्या पुराला 'पूर' कोणी म्हणत नसे. तुग्यानी म्हणजे पाण्याचे बंड. अमक्याचे लग्न तुग्यानीच्या आधी, तमका जन्मला तुग्यानीनंतर. आजी ते सांगताना आवाज खाली आणायची, आणि आम्ही मुले खेळ सोडून तिच्याजवळ सरकायचो. तारीख २८ सप्टेंबर १९०८, वार सोमवार. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. शमशाबादला अठ्ठेचाळीस तासांत जवळजवळ एकोणीस इंच पाऊस मोजला गेला. मुसीच्या खोऱ्यात तेव्हा ७८८ तळी होती, म्हणजे दर चौरस मैलामागे जवळपास एक. शतकानुशतके गावोगावच्या माणसांनी बांधलेली ही तळी, एकाचे पाणी दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, अशी माळ. त्या रात्री वरचे तळे फुटले आणि त्याचे पाणी खालच्यावर कोसळले. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला फोडले. २२१ तळी फुटली. सगळे पाणी मुसीत आणि मुसी शहरात. नंतर केलेल्या हिशेबात नदीचा लोंढा सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट निघाला.

कोलसावाडी गेली. अफजलगंज गेले. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारात एक चिंच होती. तिच्या फांद्यांवर दीडशेच्या आसपास माणसे चढून बसली आणि वाचली. ती चिंच आजही आहे, उस्मानिया दवाखान्याच्या जवळ. एकूण मेलेल्यांचा आकडा सुमारे पंधरा हजार धरतात. अमजद हैदराबादी नावाचा तरुण शायर त्या पाण्यात सापडला. त्याची आई, त्याची बायको, त्याची लेक, सगळी डोळ्यांदेखत वाहून गेली. घरातला तो एकटा उरला. पुढे तो उर्दूतला मोठा रुबाईकार झाला, आणि त्या रात्रीवर त्याने लिहिलेल्या कवितेचे नाव आहे 'क़यामत-ए-सुग़रा', म्हणजे लहानसा प्रलय. मोठा प्रलय त्याने शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला.

सकाळी पाणी उतरू लागल्यावर लोकांनी पाहिले तर तिन्ही नवे पूल नदीने नेले होते. चादरघाटचा, अफजलगंजचा आणि मुसल्लमजंगचा. शहराचे दोन तुकडे झाले होते. उरला होता फक्त कोपऱ्यातल्या खाटेवरचा म्हातारा. ३३० वर्षांचा पुराना पूल तेवढा उभा. इकडून तिकडे धान्य न्यायला, जखमींना उचलायला, हरवलेली माणसे शोधायला दुसरी वाट नव्हती. आजी म्हणायची, त्या दिवसांत लोक पुलावर पाय ठेवण्यापूर्वी वाकून दगडाला हात लावत. तिच्या मावशीचे घर पलीकडे होते. सांगताना ती स्वतःही हात खाली नेऊन जमिनीला लावायची. हा पूल माझ्यासाठी इतिहासाचा विषय होण्याआधी आजीच्या हाताची ती हालचाल होता.

निजाम सरकारने अशा वेळी एका अभियंत्याला बोलावले, आणि तो माणूस आपला होता, असे मी मराठी माणसाच्या हक्काने म्हणतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या जन्माने म्हैसूरचे, पण शिकले पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि १८८४ला नाशिकला नोकरीला लागले. धुळ्याजवळ दातर्तीला सायफनचे अवघड काम त्यांनी केले. १९०३ला खडकवासल्याच्या सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. १९०८ला मुंबई सरकारची नोकरी सोडून ते परदेशात फिरत होते, तेव्हा त्यांना हैदराबादचे बोलावणे गेले. १९०९ला ते आले. त्यांनी पावसाच्या नोंदी गोळा केल्या, फुटलेली तळी मोजली, लोंढ्याचा हिशेब मांडला. मी मघाशी सांगितलेले आकडे त्याच कामातले. त्यांचा निष्कर्ष असा की शहरातल्या भिंती कितीही उंच केल्या तरी पुरणार नाहीत. शहराच्या वर, मुसीवर आणि ईसीवर दोन मोठे तलाव बांधून पूर तिथेच अडवला पाहिजे. त्यातून मुसीवर उस्मान सागर आणि ईसीवर हिमायत सागर झाले, पहिला १९२०ला आणि दुसरा १९२७ला पुरा झाला. पूर अडवायला बांधलेल्या या तलावांनी नंतर हैदराबादला पाणी पाजले. गंडीपेटचे, म्हणजे उस्मान सागराचे, पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडत नाही अशी म्हण झाली. माझ्या आजोबांवर ती खरी ठरली.

पुण्यातून आलेले श्रोते इथे बसले आहेत. १२ जुलै १९६१ हा दिवस त्यांना सांगायला नको. पानशेत फुटले आणि त्या पाण्याने खडकवासलाही नेले. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, शंभरीला पोचलेले. मुसीकाठी त्यांनी वरच्या तळ्याने खालचे तळे कसे फोडले ते मोजले होते, आणि ज्या धरणावर तरुणपणी काम केले त्याच्यावर तीच गोष्ट ओढवलेली त्यांच्या हयातीत घडली. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की माझ्या तोंडून पुढचे वाक्य लवकर येत नाही.

दोन तलाव झाल्यावर हैदराबादला नदीची भीती उरली नाही, आणि भीतीबरोबर आदरही गेला. मुसी सांडपाण्याचा नाला झाली. पात्रात घरे आली, भराव आले. दोन्ही तलावांचे पाणलोट क्षेत्र जपायला १९९६ला सरकारने ८४ गावांतल्या बांधकामांवर निर्बंध घातले होते. २०२२ला ते उठवण्याचा आदेश निघाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, ऑक्टोबर २०२०मध्ये, मुसी पुन्हा शहरात शिरली होती. पूर विसरायला शहराला एक शतकही लागत नाही.

पुराना पुलावरून आता गाड्या जात नाहीत. शेजारी नवा पूल झाला आणि जुन्यावर भाजीबाजार बसला. पहाटे टेम्पो येतात, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या दगडावर पसरतात, तोंडल्यांचे ढीग लागतात. काही अभ्यासक मित्रांना हे सहन होत नाही. वारसा वास्तूवर कांदे-बटाटे कसे, असे ते विचारतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. व्यापाऱ्यांसाठी बांधलेल्या पुलावर व्यापार चालू आहे. ताव्हर्नियेला तो पाहून नवल वाटले नसते. माझे दुःख दुसरे आहे. कमानींच्या सांध्यांत पिंपळ रुजले आहेत. त्यांचे मूळ चुना खाते आणि दगड फोडते. दरजा भरायच्या म्हणून जुन्या चुन्यावर सिमेंट थापले की आत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि दगड आतून झिजतो, हे पाथरवटाला कळते, टेंडर काढणाऱ्याला कळत नाही. जुना पूल टिकला म्हणून यापुढेही टिकेलच असे समजणे मला सगळ्यांत घातक वाटते. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला कमानींचा दगडी पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या त्या अंधारात गेल्या. पुलाला दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर पायापर्यंत उतरून पाहणारा माणूस लागतो. त्यासाठी मोठा पैसा लागत नाही, पण कोणाच्या तरी नावावर ते काम लिहिलेले असावे लागते.

गुरुजींनी त्या रविवारी आम्हाला आणखी एक काम दिले होते, कमानी मोजायचे. आम्ही काठाने पळत गेलो आणि परत आलो. कोणी म्हणाले बावीस, कोणी तेवीस, एकजण एकवीसवर अडून बसला. पुस्तकांतही कुठे बावीस आहे, कुठे तेवीस. गुरुजी म्हणाले, पुन्हा मोजा. आम्ही पुन्हा गेलो. त्या वेळी उत्तर दिले नाही त्यांनी, आणि पुढेही कधी दिले नाही.

हे व्याख्यान ठरल्यावर मागच्या महिन्यात मी सकाळी एकटा तिथे गेलो. कोथिंबीर विकणाऱ्या एका बाईंनी विचारले, "क्या गिनरे बाबा?" मी सांगितले, कमानी. त्यांनी तराजू खाली ठेवला आणि माझ्याबरोबर कठड्यापर्यंत आल्या. आम्ही दोघांनी एका टोकापासून सुरुवात केली. पलीकडच्या काठाजवळ शेवटी भराव आहे, झुडपे आहेत, कचरा आहे. बावीसपर्यंत आमचे एकमत होते. पुढे झुडपांच्या आत एक काळा गोल काठ दिसत होता, अर्धा मातीत गेलेला. ती कमान आहे की नुसती भिंत, यावर आम्ही बराच वेळ बोलत उभे होतो. तेवढ्यात त्यांच्याकडे गिऱ्हाईक आले.